दोन पेपरांत आलेली बातमी

विमलबाई टिपणिसांचा राग कर्जतच्या बाजारपेठेत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वाचनालयाच्या ओट्याखाली भाजी घेऊन बसणारी जनी तर सांगते, बाई ज्या दिवशी कोणावर ओरडल्या नाहीत त्या दिवशी त्यांना ताप असतो. पुस्तकाचं पान दुमडणारा, पोस्टात रांग मोडणारा, ओट्यावर पिचकारी मारणारा, एकही सुटलेला नाही. वाचनालयाचे अध्यक्ष दत्तोपंत गुप्ते गावात तोंड वर करून फिरतात, पण बाईंसमोर त्यांचाही आवाज खाली येतो.

बाईंनी वाचनालयात चौतीस वर्षं नोकरी केली. नवरा रसायनीच्या कारखान्यात होता, तो गेला, बाई निवृत्त झाल्या, नवी मुलगी कामाला लागली, पण एक गोष्ट बाईंनी कोणाच्या हाती दिली नाही. ती म्हणजे ओट्यावरचा वार्ताफलक. पाच फुटांचा काळा फळा. रोज सकाळी सात वाजता बाई येतात, आलेले सगळे पेपर वाचतात आणि आठच्या ठोक्याला फळ्यावर बातम्या लिहितात. मुख्य बातमीसाठी त्यांचा खडू वेगळा, आदल्या संध्याकाळी साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवलेला. त्याचं अक्षर ठसठशीत उमटतं आणि पावसाच्या शिंतोड्यांनी फिसकटत नाही.

फळ्याला बाईंचा एक नियम आहे. बातमी दोन पेपरांत आली असेल तरच फळ्यावर येणार. एका पेपरात आली तर ती त्या पेपरची बातमी, दोन्हींत आली तर ती झालेली गोष्ट, असं त्या सांगायच्या. कोणी म्हणालं, "बाई, मोबाइलवर तर कालच आलं," की त्याची सकाळ खराब. दुसराही एक नियम होता, पण तो गावातल्या बातम्यांपुरता. बोरघाटात अपघात झाला, नदीत कोणी वाहून गेलं, तर नाव आणि गाव कळल्याशिवाय बाई मेल्याचं लिहीत नसत. माणूस मेला म्हणता, मग त्याला नाव नको?

हे दोन नियम त्यांनी त्या सप्टेंबरात एकत्र लावले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

फळा रोज न चुकता वाचणारे गावात मोजकेच. त्यांतला एक खडकबहादूर घर्ती. वाचनालयाला लागून असलेल्या सोसायटीचा वॉचमन, वीस वर्षं कर्जतमध्ये. सगळा गाव त्याला नुसतं बहादूर म्हणतो, बाई मात्र खडक म्हणतात. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे खडकला अक्षरं आधीपासून येत होती. अर्थ त्याने या फळ्यासमोर उभं राहून उचलला. "अधिवेशन म्हंजे काय, बाई?" असं रोज एक विचारायचा. त्याची मुलगी सृजना चौथीपर्यंत इथल्याच शाळेत होती. संध्याकाळी बापाच्या खुर्चीशेजारी बसून ती फळ्यावरचे शब्द पाटीवर उतरवायची आणि बाई तिच्या काने-मात्रा तपासायच्या. पुढे आईबरोबर ती गावी गेली. तेव्हापासून तिचे निकाल वाचनालयाच्या जुन्या फोनवर यायचे. आधी बाईंना सांगायची, मग बापाला. जूनमध्ये खडक पेढे घेऊन आला होता. पोरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षासाठी काठमांडूला मोठ्या हॉस्पिटलात घेतलं होतं. बाईंनी दोन पेढे खाल्ले होते.

सप्टेंबरात नेपाळात तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, सरकार कोसळलं. आणि आपल्या पेपरांना ऊत आला. कर्जतचं एक गटार तुंबलेलं छापायला ज्यांना आठ दिवस लागतात, त्यांनी काठमांडूची राख आठ कॉलमांत उधळली. नकाशे काय, बाण काय, लाल ज्वाळांची अक्षरं काय! एकात "नेपाळ पेटले", दुसऱ्यात "शेजार जळतोय", तिसऱ्यात अग्रलेख की यातून आपण काय धडा घ्यावा. जळतंय त्यांचं आणि धडे आपल्याला! यामागे कोणत्या देशाचा हात, हे कळंबच्या रिसॉर्टवर रविवार काढून आलेला माणूससुद्धा खात्रीने लिहीत होता. मेलेल्या पोरांच्या आया कुठे होत्या, त्या काय म्हणत होत्या, हे एकानेही लिहिलं नाही. बाई पेपर आपटत होत्या, दातओठ खात होत्या. आणि वाचून झालं की उठून लिहीत होत्या, कारण दोन पेपरांत आलेलं असायचं.

त्या बुधवारी दोन पेपरांच्या पहिल्या पानावर तीच बातमी होती. काठमांडूत नर्सिंगच्या वसतिगृहाला जमावाने आग लावली, चौदा विद्यार्थिनींचा होरपळून मृत्यू. सोबत ज्वाळांचा फोटो. बाईंनी साखरेचा खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. नर्सिंग हा शब्द लिहिताना, काठमांडू लिहिताना, चौदा लिहिताना त्यांना पेढे आठवले नाहीत. अक्षर सरळ रेषेत येतंय ना, एवढंच त्या बघत होत्या. त्या सकाळी सृजना घर्ती नावाची मुलगी त्यांच्या डोक्यात कुठेही नव्हती. नंतर बाईंनी स्वतःला यासाठी जे जे म्हणून घेतलं ते छापण्याजोगं नाही.

साडेआठला खडक वाचनालयाच्या दारात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला. बाई आत नव्या मुलीवर ओरडत होत्या, तिने दिवाळी अंक भलत्याच कपाटात लावले होते.

"बाई," खडक म्हणाला, "ती बातमी पक्की हाय?"

बाईंनी वळूनही नीट पाहिलं नाही. बातमी पक्की का, असं विचारलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो.

"दोन पेपरांत आलीय. दोन पेपरांत आल्याशिवाय मी लिहिते का रे? वीस वर्षं वाचतोस ना फळा?"

"व्हय, बाई," खडक म्हणाला आणि गेला.

पुढे काय झालं ते जनीने बाईंना दुपारी सांगितलं. घरी निघालेल्या बाईंना तिने हात करून थांबवलं.

"ओ बाई, त्या बहादूरचं काय झालं गं बाय? सकालधरनं इचारीन म्हणते. तुमचा फळा वाचला नि इथंच मटकन बसला. मी पाणी दिलं तर प्यायला पन नाय. फोन लावत होता सारखा, लागत नव्हता. मंग पिशवी घेतली नि गेला टेशनावर. नामा बोलला, त्याची पोरगी जलाली. खरं हाय का?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग ओट्याच्या पायरीवर बसल्या. बाजारपेठेत, भर दुपारी, विमलबाई टिपणीस पायरीवर बसलेल्या कोणी कधी पाहिल्या नव्हत्या. नामा रिक्षावाला धावत आला. त्याच्या मोबाइलवरून त्यांनी खडकला फोन लावला, परत लावला, वीस वेळा लावला. बंद. सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं, कल्याणहून गोरखपूरची गाडी पकडतो म्हणाला, पगाराचंही बोलला नाही. सृजनाचा नंबर कोणाकडेच नव्हता. बाईंना फोन तीच करायची, त्यांनी तिला कधी केलाच नव्हता.

गुरुवारी बाईंनी फळा पुसला. साखरेचं अक्षर पुरतं जात नाही. ओलं फडकं तीनदा फिरवलं तरी "चौदा विद्यार्थिनींचा" एवढं फिकट दिसत राहिलं. त्यावर त्यांनी भाताच्या भावाची बातमी लिहिली.

शनिवारी एका पेपरच्या नवव्या पानावर, रिसॉर्टच्या जाहिरातीखाली, दोन बोटांचा मजकूर होता. काठमांडूतील वसतिगृहाच्या आगीत कोणीही दगावले नसल्याचे स्पष्ट झाले आहे. इमारत आधीच रिकामी करण्यात आली होती. संपलं. चुकलो नाही, माफ करा नाही. दुसऱ्या पेपरला तर तेवढीही लाज नव्हती, तिथे एक ओळही आली नाही. चौदा पोरी पहिल्या पानावर मारायच्या आणि नवव्या पानावर जाहिरातीखाली जिवंत करायच्या! बाईंनी तो पेपर आणि बुधवारचे दोन्ही पेपर पिशवीत घातले, आणि अकराची खोपोलीची गाडी धरली.

खोपोलीत झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत अनुपम कर्णिकचं ऑफिस आहे. नवव्या पानावर खुलासा छापणाऱ्या पेपरचा तो कर्जत-खालापूरचा बातमीदार. लहानपणी बाईंच्याच वाचनालयात गोष्टींची पुस्तकं वाचून मोठा झालेला. बाईंनी तिन्ही पेपर त्याच्या टेबलावर टाकले आणि बोलायला सुरुवात केली. खाली झेरॉक्स काढणारी माणसं जिना चढून बघायला आली. अनुपमने दहा मिनिटं मान खाली घालून ऐकलं.

"बाई, बसा तरी," तो म्हणाला. "नेपाळचं पान मुंबईत लागतं. मी इथं पाण्याचे टँकर नि रस्त्याचे खड्डे लिहितो. मला कोण विचारतं?"

"मग त्यांना लिहिताना कळत नाही? डोळे फुटलेत?"

"त्यांनी लिहिलेलंच नाही ते. मजकूर विकत येतो, मराठी करून तयार. आमच्याकडे येतो, तोच त्यांच्याकडे जातो. कोणीतरी मोबाइलवर आगीचा व्हिडिओ टाकला असेल, खाली आकडा लिहिला असेल. एकाने घेतला, सगळ्यांना गेला."

"पण दोन्ही पेपरांत होती!"

अनुपमने बुधवारचे दोन पेपर शेजारी ठेवले आणि दोन्ही बातम्यांवरून एकदम दोन बोटं फिरवली. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं. मथळे वेगळे होते. आतलं पहिलं वाक्य तेच, दुसरं तेच. "हृदयद्रावक आक्रोशाने परिसर हादरला" तेच. शेवटच्या ओळीत "पोलिसांच्या" या शब्दाऐवजी "पोलीसांच्या" असं छापलं होतं, ते दोन्हीकडे. पुस्तकातली एक वेलांटी चुकली तर प्रकाशकाला पत्र लिहिणाऱ्या बाईंनी चौतीस वर्षांत दोन पेपर असे शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. एक वाचायचा, घडी करून ठेवायचा, मग दुसरा उघडायचा. एकाच तोंडाने दोनदा सांगितलेलं ऐकून त्या त्याला साक्ष म्हणत होत्या.

"आणि यात एकाही पोरीचं नाव नाही, बाई," अनुपम हळूच म्हणाला. "कॉलेजचंही नाही. घाटातल्या अपघाताची अशी बातमी मी पाठवली असती, तर तुम्ही मला फाडून खाल्लं असतं."

बाईंनी पेपर उचलले. जिन्यावरची माणसं बाजूला झाली. गाडीत त्या एकट्याच बाकावर बसल्या होत्या. राग तोच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा हे त्यांना कळत नव्हतं, म्हणजे खरं तर कळत होतं.

रविवारी सकाळी वाचनालयाचा फोन वाजला.

"बाई, मी सृजना. बाबांचा फोन लागत नाय. ड्यूटीवर हायत का?"

आधी बाई रडल्या, मग रडतारडता त्या पोरीवर ओरडल्या, की इतके दिवस फोन का नाही केलास. सृजना घाबरली. वसतिगृह रिकामं करून सगळ्या मुलींना नातेवाइकांकडे पाठवलं होतं, ती मावशीच्या गावाला होती, तिथे वीज नव्हती, फोन बंद पडला होता, आता मावशीच्या दिराच्या फोनवरून बोलत होती. उद्या हॉस्पिटलात परत जाणार होती.

"बाबा?" तिने परत विचारलं.

"निघालाय तुला भेटायला," बाई म्हणाल्या. "तिकडचं ऐकून काळजी वाटली त्याला."

कोणाचं ऐकून, काय ऐकून, हे सांगायला जीभ उचललीच नाही. हयातभर लोकांना तोंडावर बोललेल्या बाई त्या दिवशी एका पोरीला घाबरल्या.

सोमवारी आठ वाजता फळ्यावर एकच मजकूर होता, साखरेच्या खडूने, वरपासून खालपर्यंत. "बुधवारी या फळ्यावर काठमांडूच्या वसतिगृहाची बातमी लिहिली होती. ती खोटी होती. मी खात्री न करता लिहिली. एकाने विचारलं तेव्हाही खरी म्हणून सांगितलं. विमल टिपणीस."

दत्तोपंत अंघोळ करून तसेच आले.

"विमलताई, हे काय? पेपरांची चूक, ती आपण कशाला अंगावर घ्यायची? वाचनालयाची काही इभ्रत आहे की नाही?"

"पेपर खडकने वाचलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "त्याने माझं अक्षर वाचलं."

"बरं, एक दिवस ठेवा. उद्या पुसून टाका."

"खडक परत येईपर्यंत या फळ्याला कोणी हात लावून दाखवावा. तुम्हीसुद्धा."

दत्तोपंत गेले. फळा तसाच राहिला. लोक थांबून वाचायचे, काही हसायचे. एकाने फोटो काढून मोबाइलवर फिरवला, आणि बाईंना भ्रम झालाय असं खाली लिहिलं. बाई रोज सातला येत, पेपर वाचत, आणि काही न लिहिता घरी जात.

गेल्यापासून सोळाव्या दिवशी खडक आला. ओट्यावर उभं राहून त्याने फळा वाचला, सावकाश, पहिल्यापासून. मग चपला काढून आत आला. बाई टेबलाशी होत्या. त्यांनी मान वर केली आणि आधी त्याचं डोकं पाहिलं. चकोट केलेलं, त्यावर आता काळेपांढरे खुंट उगवलेले.

"सृजना भेटली?" बाईंनी विचारलं.

"भेटली. बरी हाय."

"आणि हे डोकं?"

खडक खाली बसला. बाईंनी खुर्ची दाखवली तरी जमिनीवरच बसला. कल्याणला गर्दीत त्याचा फोन गेला होता, पोरीचा नि बायकोचा नंबर त्यातच. हद्दीवर पोचला तर सोडत नव्हते, चार दिवस तिथेच पडून होता. बरोबर गावाकडची माणसं होती. ती म्हणाली, तुला पोरीचा देह मिळायचा नाही, दिवस निघून चाललेत, तिला अडकवून ठेवू नकोस. नदीवर एक बामण होता. त्याच्याकडून सगळं केलं. नाव घेऊन तीळ-पाणी सोडलं, तीन वेळा.

"अरे, एक फोन करायचास!" बाई ओरडल्या. "कोणाचाही घेऊन! इथला नंबर तुला पाठ आहे ना?"

"पाठ हाय," खडक म्हणाला. "पन तुमाला काय इचारणार, बाई? इचारलं होतं ना एकदा."

नवी मुलगी कपाटाआड जाऊन उभी राहिली.

"हद्द उघडल्यावर हॉस्पिटलात गेलो," खडक सांगत होता. "म्हटलं, सामान तरी मिळंल पोरीचं. तर जिन्यावरनं तीच उतरली. माझं डोकं बघितलं नि किंचाळली. तिला वाटलं, तिची आई मेली. मी बोलतच नव्हतो, माझं तोंडच उघडत नव्हतं. मंग बोललो, आई बरी हाय. कर्जतला माझ्यासंगं एक वॉचमन होता, त्याला पुढंमागं कोण नव्हतं, तो मेला, म्हणून मीच केलं त्याचं." त्याने बाईंकडे पाहिलं. "तिला सांगू नका, बाई. जिवंत पोरीला कसं सांगायचं, तुझ्या नावानं पानी सोडलं म्हणून? तिचं लगीन व्हायचंय. मनात राहील तिच्या."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "पण ते पेपरवाले... त्या दोघांना मी..." आणि वाक्य तिथेच राहिलं. खडक उठला. जाताना म्हणाला, "बाई, फळा पुसा आता. बरं दिसत नाय."

दोन दिवसांनी फोन वाजला. सृजनाच होती. बापाची चौकशी केली, जेवतो का, झोपतो का.

"बाई, एक खरं सांगा. बाबा बोलतात, त्यांच्या ओळखीचा वॉचमन वारला. पन मला ते खरं वाटत नाय. ते माझ्याकडं बघतात नि रडतात. दुसऱ्या कोणी सांगितलं तर पटेल, म्हणून तुमाला इचारते. खरंच कोण वारलं का तिकडं?"

बाहेर फळा पुसलेला होता, पण साखरेची अक्षरं फिकट दिसत होती. बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हो, बाळ. वारला."

"नाव काय होतं त्यांचं?"

"धनबहादूर," विमलबाई म्हणाल्या. आणि तिने विचारायच्या आत त्यांनी त्याचं गावही सांगितलं.